तळाला काय लावावे?

कोकणात रंगकामाला वर्षातला सर्वांत वाईट काळ कोणता, असे कुठल्याही रंगाऱ्याला विचारा. तो जून-जुलै सांगेल. भिंत ओली, हवा ओली, लाकूड ओले. आणि नेमक्या याच दोन महिन्यांत आपल्या किनाऱ्यावरच्या यांत्रिक बोटी पाण्याबाहेर येतात. पश्चिम किनाऱ्यावरची मासेमारीबंदी १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची. मेअखेरच्या उधाणाला बोट वर घ्यायची, टेकू द्यायचे, झापांनी नाहीतर ताडपत्रीने शाकारायची, इंजिन उघडायचे, जाळी दुरुस्त करायची आणि नारळी पौर्णिमेच्या सुमारास तळ रंगवून बोट पुन्हा पाण्यात लोटायची. बोटीचा तळ वर्षातून एकदाच माणसाच्या हाताला लागतो आणि तो लागतो तेव्हा आभाळ गळत असते.

तळाला कोणता रंग लावावा, यावर सातपाटीपासून मालवणपर्यंत हिरिरीने बोलणारी माणसे भेटतात. कुणाचा एका कंपनीवर भरवसा, कुणाचा महागातल्या डब्यावर, कुणाचा दुकानदारावर. हा सगळा विषय जुन्या नोंदी, विज्ञान आणि बंदरावरचे काम अशा तिन्ही बाजूंनी पाहिल्यावर माझे मत असे झाले आहे, की डब्याची निवड ही तिसरी गोष्ट. तळ किती साफ आणि किती कोरडा आहे ही पहिली. बोट वर्षभर कशी चालते ही दुसरी. आणि खरवडलेला जुना रंग कुठे जातो हा प्रश्न तर चर्चेत येतच नाही. मला तोच सर्वांत जिव्हाळ्याचा वाटतो, कारण तो रंग जिथे जातो तिथलेच आपण खातो.

समुद्रात नवी फळी सोडली की काही मिनिटांतच तिच्यावर सेंद्रिय द्रव्यांचा पातळ थर बसतो. काही तासांत जिवाणू येतात, मागोमाग सूक्ष्म शैवाल, आणि फळी बुळबुळीत होते. मग येतो बार्नॅकल. दिसायला तो कालवांच्या जातीचा वाटतो, पण नाते कोळंबी-खेकड्यांशी. त्याचे पिल्लू पाण्यात पोहते. शेवटच्या अवस्थेत ते खाणे थांबवते आणि फक्त जागा शोधते. मिशांवर चालत पृष्ठभाग चाचपते, पसंत पडली नाही तर सोडून देते. जागा पटली की पाण्याखालीच घट्ट होणारा डिंक सोडून डोक्याच्या बाजूने चिकटते, भोवती चुन्याच्या भिंती उभारते आणि उरलेले आयुष्य पायांनी अन्न ओढत काढते. चार्ल्स डार्विनने या प्राण्यांच्या अभ्यासात आठ वर्षे घालवली. भारतातल्या बंदरांत तळाला हमखास सापडतो तो अँफिबॅलॅनस अँफिट्राइट, जांभळट पट्ट्यांचा. त्याची बैठकही चुन्याचीच असते. म्हणून पटाशीने वरचा शंकू उडाला तरी तळावर पांढरे, बांगडीसारख्या रेखीव कडेचे चट्टे राहतात. रंग सोलून निघण्याची सुरुवात बहुतेक वेळा या चट्ट्यांपासून होते. चट्ट्यावर लावलेला रंग फळीला धरत नाही; तो मेलेल्या बार्नॅकलच्या बैठकीला धरतो आणि तिच्यासकट जातो.

या वाढीची किंमत डिझेलमध्ये मोजावी लागते. अमेरिकेच्या नौदल अकादमीतले संशोधक मायकेल शुल्ट्झ यांनी २००७ साली फ्रिगेट जातीच्या एका युद्धनौकेचा हिशेब मांडला. १५ नॉट वेगाने जाताना तळाला नुसती जाड बुळबुळ असेल, तर गुळगुळीत तळापेक्षा सुमारे २१ टक्के जास्त शक्ती लागते. बारीक कवचांचे जीव असतील तर ३५ टक्के. कवचांची दाट वाढ असेल तर ८६ टक्के. मासेमारीच्या बोटीला हे आकडे जसेच्या तसे लावता येणार नाहीत, तिचा आकार आणि वेग वेगळा. पण एक गोष्ट यातून पक्की कळते: डोळ्यांना किरकोळ वाटणारी बुळबुळसुद्धा टाकी रिकामी करते. शिडाच्या बोटीला डिझेलची जागा दिवस घेतात. २०१८ सालच्या गोल्डन ग्लोब शर्यतीत, ज्यात आपले अभिलाष टॉमी डोलकाठी मोडून जखमी झाले, पहिल्या आलेल्या जाँ-ल्यूक व्हॅन डेन हीड यांना जगप्रदक्षिणेला २१२ दिवस लागले. फिनलंडचे तापिओ लेहतिनेन पाचवे आले ते ३२२ दिवसांनी. त्यांच्या बोटीच्या तळाला बार्नॅकलचे जंगल माजले होते.

लाकडी बोटीला वेगापेक्षा मोठी धास्ती किडीची. टेरेडो हा लाकूड पोखरणारा लांबट शिंपला टाचणीच्या टोकाएवढ्या भोकातून आत शिरतो आणि आतल्या आत वाढत जातो. बाहेरून फळी शाबूत, आतून चाळण. यावर आपल्या किनाऱ्यावरचे जुने उत्तर दोन प्रकारचे होते. एक, पाण्याखालच्या भागाला चुना आणि चरबी यांचा लेप, आणि लाकडाला माशाचे तेल, राळ किंवा चंद्रूस, पुढे डांबर आणि काजूच्या टरफलांचे तेल. बाराव्या शतकात तांबड्या समुद्रातून प्रवास केलेल्या इब्न जुबैरने तिथल्या काथ्याने शिवलेल्या जहाजांना शार्कचे तेल सर्वांत उत्तम समजले जाते, अशी नोंद केली आहे. दुसरे उत्तर म्हणजे पावसाळ्यात बोट खाडीत आत नेणे. पुराच्या गोड्या पाण्यात बोट बरेच दिवस राहिली की टेरेडो आणि बार्नॅकल दोन्ही मरतात. पैसा न लागणारे इतके प्रभावी औषध दुसरे नाही.

मराठ्यांच्या आरमाराचे वेळापत्रकही हेच होते. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमाराच्या पावसाळी छावणीविषयी वेगळ्या सूचना आहेत. दर्या खवळण्याआधी काही दिवस, किल्ल्याचा आश्रय असलेल्या बंदरात, उघड्या समुद्रावर न राहता खाडीत आत, आणि दर वर्षी वेगळ्या ठिकाणी छावणी करावी, असा त्यांचा आशय आहे. विजयदुर्गाजवळ वाघोटण खाडीच्या काठी गिर्ये इथे खडकात खोदलेली, सुमारे शंभर मीटर लांबीची गोदी आजही पाहायला मिळते. भरतीला जहाज आत घ्यायचे आणि पाणी उतरले की तळाचे काम काढायचे, असा हा धंदा. मुंबईत जहाजबांधणी करणारे लवजी नसरवानजी वाडिया १७३६ साली सुरतेहून आले आणि १७५० साली कोरडी गोदी बांधली गेली. तिथल्या जहाजांचे सागवान किती टिकाऊ होते याचा पुरावा म्हणजे १८१७ साली मुंबईत पाण्यात उतरलेली त्रिंकोमाली ही युद्धनौका. ती आज इंग्लंडमध्ये हार्टलपूलला उभी आहे.

या जुन्या पद्धतीतली एक गोष्ट आपण विसरलो. लाकडी बोट फार सुकली की फळ्या आक्रसतात आणि सांधे उघडतात. पावसाळ्याची दमट हवा लाकडासाठी चांगलीच. चुना, चरबी, तेल यांनाही दमट हवेचे वावडे नव्हते, आणि लेप पातळ झाला की पुढच्या उधाणाला ओहोटीच्या वेळी पुन्हा हात मारता येई. म्हणजे ऋतू, लाकूड आणि लेप यांचा मेळ बसलेला होता. आज बोट फायबरची किंवा पोलादाची, नाहीतर लाकडावर फायबर चढवलेली. लेपाच्या जागी इपॉक्सी आणि तांब्याचा रंग आला आहे. वेळापत्रक मात्र जुनेच आहे. आपल्या तळांच्या बहुतेक तक्रारी या विसंगतीतून निघतात, असे माझे म्हणणे आहे.

तांबे या गोष्टीत आले ते इंग्लंडच्या आरमारातून. १७६१ साली अलार्म या युद्धनौकेच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकून तिला वेस्ट इंडीजच्या उष्ण पाण्यात पाठवले. दोन वर्षांनी तपासणी झाली तेव्हा तळ स्वच्छ होता, पण पत्र्याला टेकलेले लोखंडी खिळे गळून गेले होते. जिथे पत्रा आणि खिळा यांच्यामध्ये पत्र्यांच्या वेष्टणाचा तपकिरी कागद चुकून राहिला होता, तिथले खिळे शाबूत. दोन धातू खाऱ्या पाण्यात एकमेकांना टेकले की त्यांतला एक खाल्ला जातो, हे तिथे उघड झाले. आजही ॲल्युमिनियमच्या बोटीला तांब्याचा रंग थेट लावू नये, असे सांगतात ते याच कारणाने.

पुढचा धडा इंग्रज रसायनशास्त्रज्ञ हंफ्री डेव्ही यांचा, आणि तो मला या सबंध विषयाची किल्ली वाटतो. तांब्याचे पत्रे समुद्रात झिजतात, खर्च वाढतो, यावर उपाय काढा, असे त्यांना सांगण्यात आले. १८२४ साली त्यांनी पत्र्यांना लोखंडाचे आणि जस्ताचे तुकडे जोडले. विज्ञान अचूक ठरले: लोखंड झिजू लागले, तांबे तसेच राहिले. आणि तसेच राहिलेल्या तांब्यावर बार्नॅकल आणि शेवाळ दाट वाढले. जहाजे मंदावली, काही वर्षांतच ते तुकडे काढून टाकावे लागले. तांबे झिजते म्हणूनच ते राखण करते. पाण्यात विरघळणारा त्याचा अंश पिल्लाला बसू देत नाही. तळाचा प्रत्येक विषारी रंग, मग तो कितीही नव्या नावाने येवो, याच अटीवर चालतो. आपल्या कामाचे म्हणाल तर त्याचा अर्थ असा: जो रंग बोटीला वाचवतो तो पाण्यात जातोच, आणि जो पाण्यात जात नाही तो वाचवत नाही.

ही अट किती महाग पडू शकते ते ट्रायब्युटिलटिनने दाखवले. कथिलाचे हे सेंद्रिय संयुग १९६०-७०च्या दशकांत रंगांत आले. त्याच्या स्वतः झिजणाऱ्या रंगाने पाच वर्षांपर्यंत तळ स्वच्छ राहत असे, आणि जहाज कंपन्यांना याहून चांगले काही मिळण्यासारखे नव्हते. मग फ्रान्समधल्या आर्काशों या खाडीत कालवांची पिल्ले धरेनाशी झाली. मोठ्या कालवांचे शिंपले जाड, थराथरांचे, बेढब होऊ लागले. कालवांच्या शेतीवर जगणारी गावे हवालदिल झाली. शोध घेत घेत संशय खाडीत उभ्या असलेल्या बोटींच्या तळांवर गेला. फ्रान्सने १९८२ साली २५ मीटरहून लहान बोटींना या रंगाची बंदी केली, १९८७ साली ब्रिटनने तसेच पाऊल उचलले. दरम्यान इंग्लंडच्या किनाऱ्यावर गोगलगायीसारख्या समुद्री शंखांच्या माद्यांना नराची इंद्रिये फुटलेली आढळली. एका लिटर पाण्यात एक नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग, इतक्या अत्यल्प मात्रेलाही हा परिणाम दिसत होता.

ही दूरदेशीची कथा म्हणून सोडून देण्यासारखी नाही. गोव्यातल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी १९९९ साली हाच विकार भारताच्या पाण्यातल्या एका शंखात नोंदवला. त्या शंखाचे शास्त्रीय नाव आहे क्रोनिया कोंकणेन्सिस. आपल्या किनाऱ्याचे नाव धारण करणारा जीव या यादीत यावा, याचे मला फार वाईट वाटले. या रंगावर बंदी घालणारा आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा करार २००१ साली झाला आणि १७ सप्टेंबर २००८ पासून अमलात आला. भारताने त्यासाठी २०१४ साली मर्चंट शिपिंग कायद्यात दुरुस्ती केली. १ जानेवारी २०२३ पासून सायब्युट्रीन हे शेवाळनाशकही नव्या रंगातून हद्दपार झाले. मात्र या करारातली तपासणी आणि प्रमाणपत्र ४०० टनांवरच्या जहाजांना. खाडीतल्या बोटीचा तळ कुणी तपासत नाही. तिथे राखणदार म्हणजे बोटीचा मालक आणि डब्यावरची चिठ्ठी. चिठ्ठी न वाचता, विशेषतः जुना शिल्लक माल, विकत घेऊ नये.

आज बाजारात मिळणाऱ्या बहुतेक रंगांत क्युप्रस ऑक्साइड असते. तळ तांबूस दिसतो तो त्यामुळेच. फरक असतो तो बांधणाऱ्या द्रव्यात. कडक रंगात तांबे विरघळून जाते आणि रिकामा, सच्छिद्र सांगाडा तळावर राहतो; पुढच्या वर्षी त्यावर नवा हात, आणि काही वर्षांनी भाकरीच्या पापुद्र्यासारखे सुटणारे जाड कवच. झिजणाऱ्या रंगात बांधणारे द्रव्य स्वतःच हळूहळू पाण्यात जाते आणि ताजा थर उघडा पडतो. यातल्या स्वस्त जातीच्या रंगांत बांधणारे मुख्य द्रव्य असते राळ, आपल्या जुन्या राळेच्याच जातकुळीतली. तिसरा प्रकार स्वतः गुळगुळीत होत झिजणाऱ्या पॉलिमरचा, महाग आणि अधिक टिकाऊ.

दर वर्षी दोन महिने कोरड्यावर राहणाऱ्या आणि हंगामात रोज किंवा आठवड्याच्या फेरीवर चालणाऱ्या बोटीला झिजणारा रंग योग्य, असे मी म्हणेन. तो पाणी वाहते राहिले की काम करतो, वर्षाअखेर बराचसा संपून गेलेला असतो, खरवडायला कमी उरते. कडक रंग बराच काळ हवेत राहिला की त्याचा वरचा थर मरतो. उलट महिनोन्महिने धक्क्याला बांधून ठेवलेल्या बोटीवर साधा झिजणारा रंग सुस्त पडतो.

विषाशिवायचा मार्ग म्हणजे सिलिकॉनचा रंग. त्याला काही मारायचे नसते; पृष्ठभाग इतका निसरडा की चिकटलेले जीव वेगाच्या प्रवाहात सुटून पडतात. वेगवान आणि सतत चालणाऱ्या जहाजांवर तो उत्तम ठरला आहे. पण तो मऊ असतो. ओहोटीला चिखलात, रेतीत, कधी खडकावर बसणाऱ्या, जाळी आणि दोर तळाशी घासणाऱ्या आपल्या बोटीवर तो पहिल्या महिन्यातच फाटेल, आणि त्यावर नंतर दुसरा कुठला रंग धरत नाही. मनापासून हवासा वाटला तरी आज तरी हा उपाय आपल्या खाड्यांसाठी नाही. विष नसलेला, पण कडक आणि घासता येण्यासारखा इपॉक्सी आणि अधूनमधून ओहोटीला केलेली सफाई हा दुसरा पर्याय छोट्या होड्यांना जमण्यासारखा आहे. मालकाचे हात आणि होडीचे माप दोन्ही आवाक्यातले असतात.

आता प्रत्यक्ष कामाकडे. बोट वर आल्या आल्या, तळ ओला असतानाच खरवडावा. ओले बार्नॅकल पटाशीने सहज निघते; चार दिवस वाळले की तेच सिमेंट. पुष्कळ ठिकाणी आधी इंजिनाचे काम निघते, तळ तसाच राहतो आणि जुलैच्या अखेरीस घाईने तासला जातो. हा क्रम उलटा हवा. खरवडून झाल्यावर गोड्या पाण्याने धुणे महत्त्वाचे, कारण पृष्ठभागावर राहिलेले मीठ रंगाखालून पाणी ओढते आणि फोड येतात. इथे पावसाळा आपल्या बाजूचा आहे: जूनचा पाऊस उघड्या तळाला फुकटात धुऊन देतो. म्हणून खरवडणे आणि धुणे जूनच्या पहिल्या पंधरवड्यात, रंग जुलैच्या उघडिपीत, अशी वाटणी मला शहाणपणाची वाटते. मधल्या काळात फळ्यांचे सांधे, लांबी, फायबरचे ठिगळ ही कामे होतात.

रंगाच्या दिवसाची परीक्षा आकाश पाहून होत नाही. रंग उत्पादकांचा सर्वमान्य नियम असा, की तळाचे तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंशांनी जास्त असावे आणि हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांखाली असावी. आता जुलैतली कोकणातली साधी सकाळ घ्या: तापमान २७ अंश, आर्द्रता ९० टक्के. दवबिंदू येतो सुमारे २५ अंश. फरक दोन अंशांचाच. पाऊस नसला, तळ हाताला कोरडा लागला, तरी त्यावर डोळ्यांना न दिसणारा पाण्याचा थर आहे आणि आपण त्यावर रंग लावतो आहोत. हीच हवा दुपारी २८ अंश आणि ८० टक्क्यांवर आली की फरक पावणेचार अंशांचा होतो आणि काम करता येते. म्हणजे उघडिपीच्या दिवशीसुद्धा रंगाची वेळ साधारण अकरा ते तीन. त्याआधी तळाला हात लावू नये आणि संध्याकाळच्या गारव्याच्या आत पहिला हात सुकलेला असावा. तापमान आणि आर्द्रता दाखवणारे यंत्र आता रंगाच्या एका डब्याहून स्वस्त मिळते. ते प्रत्येक मच्छीमार सोसायटीत भिंतीवर टांगलेले हवे.

दोन घटकांच्या इपॉक्सी प्रायमरला दमट हवेचा आणखी एक त्रास असतो. सुकताना त्याच्या पृष्ठभागावर मेणचट साय येते. चमक छान दिसते, बोट फिरवले तर चिकटसर ओशट लागते, आणि त्यावर लावलेला रंग पुढे चादरीसारखा सुटतो. ही साय थिनरने पुसली तर पसरते; कोमट गोडे पाणी आणि खरखरीत घासणी यांनी ती जाते. त्यानंतर हलका पॉलिशपेपर आणि मगच तांब्याचा रंग. मागच्या वर्षी रंग सुटला, या वर्षी कंपनी बदलू, असे म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांची गाठ याच सायीशी पडलेली असते, असा माझा अंदाज आहे.

जाडीचा हिशेबही रंगाऱ्याच्या अंदाजावर सोडू नये; तो सोपा आहे. पाणरेषेवरची लांबी गुणिले रुंदी आणि पाण्यातली खोली यांची बेरीज. १४ मीटर लांब, साडेचार मीटर रुंद आणि दीड मीटर बुडणाऱ्या बोटीचा तळ येतो सुमारे ८४ चौरस मीटर. रंगात घन भाग ५० टक्के असेल आणि सुकल्यावर ५० मायक्रॉन जाडी हवी असेल, तर एका लिटरमध्ये १० चौरस मीटर होतात. दोन हातांना १७ लिटर, सांडलवंड धरून २०. थिनर घालून हाच लिटर १५ चौरस मीटरवर ओढला, तर जाडी राहते ३३ मायक्रॉन, आणि झिजणाऱ्या रंगात जाडी म्हणजेच महिने. वाचवलेले पैसे मार्च-एप्रिलमध्ये डिझेलच्या पंपावर जातात. डबा उघडल्यावर तळापासून ढवळावा, कारण तांबे जड, ते खाली बसते. वरवरचा पातळ रंग लावणारा तांबे डब्यातच ठेवून जातो. नाळ, पाणरेषेचा पट्टा आणि सुकाणू इथे पाण्याचा मारा जास्त, तिथे एक हात अधिक. टेकूंखालची जागा विसरू नये; टेकू सरकवून तिथेही तेवढेच हात द्यावेत, नाहीतर पुढच्या वर्षी बार्नॅकल तिथे टेकूच्याच मापाचा चौकोन काढून दाखवतात. पोलादी बोटीचे जस्ताचे ठोकळे आणि मासे शोधणाऱ्या यंत्राचा डोळा मात्र रंगवायचा नाही. ठोकळा झिजण्यासाठीच असतो, रंगवला की त्याचे काम बोटीचे पोलाद करू लागते.

आता खरवडलेल्या रंगाचा प्रश्न. बोट खाडीच्या काठावर असते, खाली रेती किंवा चिखल. तांब्याचा, कधी जुन्या शेंदराच्या प्रायमरमधल्या शिशाचा चुरा तिथेच पडतो आणि पहिल्या उधाणाला खाडीत जातो. कालव तांबे अंगात साठवून ठेवते, हे चांगले ठाऊक आहे. त्याच खाडीत ओहोटीला खडकांवर बसून बायका कालवं फोडतात, चिखलातून तिसऱ्या काढतात. त्यांच्या घरातलीच बोट शेजारी खरवडली जात असते. शिवाय कोरडा रंग यंत्राने घासणारा मुलगा तोंडाला रुमाल बांधून ती धूळ दिवसभर श्वासात घेतो. रुमालाने हे विष अडत नाही. ओला पॉलिशपेपर, चांगला मास्क आणि बोटीखाली पसरलेली जाड ताडपत्री, ज्यातला चुरा संध्याकाळी गोळा करून गोणीत भरता येईल, एवढे तर याच वर्षी करता येईल. त्यासाठी कुठल्या योजनेची वाट पाहायला नको.

तळाचा रंग बंदराचे पाणी किती बिघडवतो, हे इतरत्र मोजले गेले आहे. अमेरिकेतल्या सॅन दिएगोच्या शेल्टर आयलंड बंदरात नुसत्या हौशी बोटींच्या तळांमुळे पाण्यातले तांबे इतके वाढले, की २००५ साली ते ७६ टक्क्यांनी कमी करण्याचा आदेश निघाला. रंगाखेरीज तळावरचे जीवही स्वतःच संकट बनू शकतात. मेक्सिकोच्या आखाताकडचा काळ्या पट्ट्यांचा शिंपला, मायटिलॉप्सिस साली, साठच्या दशकात विशाखापट्टणमला आणि नंतर मुंबईत आढळला. तोच १९९९ साली ऑस्ट्रेलियातल्या डार्विनच्या बोटबंदरात सापडला, तेव्हा बंदरे बंद करून पाण्यात क्लोरीन आणि मोरचूद ओतावा लागला. २०१८ पासून न्यूझीलंड परदेशी जहाजांकडून स्वच्छ तळाची अपेक्षा नियमानेच करते. म्हणून तळावरून काढलेले जिवंत जीवही पाण्यात परत लोटण्याची सवय सोडायला हवी.

या सगळ्याला जोडणारी एक गोष्ट आपल्या बंदरांवर हवी: छत. जेटी झाल्या, लिलावगृहे झाली, बर्फाचे कारखाने झाले. बोट चढवायला उतार, त्यावर उंच छप्पर, खाली सिमेंटची जमीन, कडेला नाली आणि नालीच्या शेवटी चुरा अडवणारी टाकी, एवढी साधी जागा प्रत्येक मोठ्या मासेमारी बंदराच्या आराखड्यात आधी यायला हवी होती. छपराखाली पाऊस लागत नाही, दोन हॅलोजन आणि पंखे लावले की तळ दवबिंदूच्या वर राहतो, रंग जूनमध्येही बसतो, आणि विष टाकीत राहते. मालकाचा फायदा आणि खाडीचा फायदा एकाच खर्चात होतो, अशी कामे फार थोडी असतात. सगळ्या बोटी एकदम मावणार नाहीत. पाळी लावता येईल, जशी बर्फासाठी आणि डिझेलसाठी लावली जाते.

कोणता रंग चांगला याचे उत्तर मात्र प्रत्येक बंदराचे वेगळे राहील. खाडीच्या तोंडाशी पाणी खारे, आत गोडसर; कुठे चिखल जास्त, कुठे प्रवाह. एका बंदरात टिकलेला डबा दुसऱ्या बंदरात फसतो आणि त्यात कुणी खोटे बोलत नसते. संशोधन संस्था बंदरात रंगवलेल्या फळ्या टांगून हे तपासतात. सोसायटीलाही ते जमेल. बोटीच्याच लाकडाच्या किंवा फायबरच्या चार फळ्या घ्याव्यात, तीन वेगवेगळ्या रंगांच्या आणि एक कोरी, सगळ्यांना सारखी जाडी, मागे तारीख कोरलेली. ऑगस्टमध्ये धक्क्याखाली पुरुषभर पाण्यात सोडाव्यात, दर पौर्णिमेला वर काढून मोबाइलवर फोटो घ्यावा. उभ्या फळीवर चालत्या बोटीपेक्षा वाढ जास्त होईल, हे धरून चालावे. तुलना फळ्यांची आपापसात करायची. मेमध्ये बोटी वर येतील तोवर त्या बंदरापुरते उत्तर सर्वांसमोर टांगलेले असेल, आणि दुकानात जाण्याआधी तिथे जाऊन पाहता येईल.